जड पाणी

पाषाण रस्त्यावरच्या आमच्या संस्थेत
मी चौतीस वर्षं माहिती विभागात होते.
विभाग म्हणजे लायब्ररीच्या जिन्याखालची खोली,
तापलं की रुसणारं एक झेरॉक्स मशीन
आणि आवक-जावक रजिस्टर.
पोलंडहून, ब्राझीलहून पोस्टकार्डं यायची,
छापील, नम्र, एका साच्यातली:
आपल्या अमुक लेखाची एक प्रत पाठवावी.
मी पाठवायचे. तिकिटं भिजवून सोडवायचे, पुतण्यासाठी.

हे कार्ड तसं नव्हतं.
पंधरा पैशांचं, शिरूरकडचा शिक्का,
वेलांट्या चुकलेल्या.
"राष्ट्रीय संस्थेस नमस्कार.
आमच्या बोअरचं पाणी जड आहे. डाळ शिजत नाही.
आई म्हणते डाळ जुनी. दुकानदार म्हणतो चूल वाईट.
कोण खरं ते कळवावे.
अनसूया दरेकर, सातवी ब."

टपालातल्या वर्तकांनी 'जड पाणी'खाली लाल रेघ मारली.
जड पाणी म्हणजे अणुभट्टीतलं,
ते आपल्या कक्षेत येत नाही.
कार्ड मुंबईला गेलं, योग्य त्या कार्यवाहीसाठी.
तिथून दिल्लीला.
अकरा आठवड्यांनी परत आलं,
अंगावर सात शिक्के, दोन सह्या,
आणि कोपऱ्यात कुणीतरी पेन्सिलीनं:
पुणे पाहील.

तोवर तिकडे डाळ टणकच.

मी कार्ड घेऊन वरच्या मजल्यावर गेले.
डॉक्टर खांबेट्यांनी चष्मा कपाळावर ढकलला,
दोनदा वाचलं. हसल्या नाहीत.
"उत्तर गेल्या शतकातलं आहे," म्हणाल्या,
"फक्त शिरूरपर्यंत पोचलेलं नाही."
आणि इंग्रजीत अर्धं पान लिहून दिलं.

मराठी माझ्याकडे.
कोशात शब्द होता: दुष्फेन.
ज्याला फेस येत नाही ते.
देखणा शब्द, घडी न मोडलेल्या शालूसारखा.
लिहिला. खोडला.
कॅल्शियम लिहिलं, खोडलं,
चुना लिहिलं, ते राहिलं.
बायकार्बोनेटपाशी चहा गार झाला.
घरी किटलीत डोकावले तर आत लखलखीत,
आम्ही खडकवासल्याचं पाणी पिणारे,
आम्हाला काय कळणार!
रविवारी बाणेरला बहिणीकडे गेले,
तिच्या बोअरच्या किटलीत नख घातलं,
खरवडलं,
तेव्हा कुठे वाक्य सापडलं:

"तुमच्या पातेल्याला आतून जे पांढरं बसतं
तेच डाळीला घट्ट धरून ठेवतं.
पाणी आधी खळखळ उकळा, निवू द्या,
वरचं हलकेच ओतून घ्या, त्यात डाळ शिजवा.
डाळीचा दोष नाही. चुलीचाही नाही."

मार्चमध्ये वार्षिक अहवाल आला भरायला.
शोधनिबंध किती, पेटंटं किती,
परिसंवाद किती, परदेश दौरे किती.
अनसूयेला रकाना नव्हता.
'संकीर्ण'मध्ये मी एक लिहिला
आणि साहेबांनी विचारलं, हा एक कसला?
म्हटलं, डाळीचा.
त्यांनी सही केली, बहुधा ऐकलं नाही.

मग एक पाकीट आलं, फुगलेलं,
आत वर्तमानपत्राची पुडी, दोऱ्यानं बांधलेली.
"डाळ शिजली, पण सरपण दुप्पट लागलं.
आई म्हणते हे तुमच्या उत्तरात नव्हतं.
पुडीत ते पांढरं पाठवत आहे.
जमिनीत हे कुणी ठेवलं?"

डॉक्टर खांबेट्यांनी पुडी तळहातावर सोडली,
खिडकीपाशी नेली,
बोटानं पसरत राहिल्या.
खाली सेमिनारसाठी लोक खोळंबले होते,
शिपाई दोनदा येऊन गेला.
सरपणाचं तर माझ्याही लक्षात आलं नव्हतं,
मला, जिच्या घरी गॅस येऊन नऊ वर्षं झाली होती.

संध्याकाळी रजिस्टर उघडलं.
आवक: पुडी, एक.
जावकच्या रकान्यावर पेन टेकवलं
आणि शाई पसरत गेली तरी
उचललं नाही.